एक क्विंटल कापूस आणि दोन स्पीकर

सोयाबीन विकून झालेलं असतं, कापसाची पहिली वेचणी घरात आलेली असते आणि दिवाळी तोंडावर असते. परभणी जिल्ह्यातली मोठी खरेदी याच दिवसांत होते. जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड, कुठल्याही रस्त्यावर उभं राहा, टेम्पोत उभा बांधलेला टीव्हीचा खोका जाताना दिसतोच. त्रेचाळीस इंची, पंचावन्न इंची. टीव्ही भिंतीवर चढतो, चित्र बघून घर हरखून जातं आणि दोन-चार दिवसांत आजी म्हणते, "चित्र लई झ्याक आहे रे, पण काय बोलायलेत ते काही कळंना."

दोष आजीच्या कानांचा नसतो. जुने खोकेवजा टीव्ही बोजड होते, पण त्यांच्या पोटात जागा होती आणि स्पीकरचं तोंड बघणाऱ्याकडे होतं. मराठवाड्यातल्याच व्हिडिओकॉनचा 'बझूंबा' तर चित्रापेक्षा आवाजासाठी लोकांच्या लक्षात राहिला. आताच्या टीव्हीची जाडी बोटांनी मोजावी इतकी कमी. त्यात बसणारे स्पीकर लहान, आणि त्यांचं तोंड बहुधा खाली किंवा मागे. म्हणजे आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. शब्द ओळखू येतात ते व्यंजनांवरून, आणि स, श, च, ख यांचा तीक्ष्ण भाग या आपटण्यात सगळ्यात आधी हरवतो.

मग घरात विषय निघतो होम थिएटरचा. हाताशी असतात वीस-पंचवीस हजार. या रकमेत चांगला आवाज मिळतो का? मिळतो, आणि फार चांगला मिळतो. पण त्यासाठी पैसे ज्या क्रमाने खर्च केले जातात तो क्रम उलटा करावा लागतो. लोक आधी वॅट बघतात, मग स्पीकर किती ते मोजतात, मग खोक्यावरची चमक बघतात आणि खोलीकडे बघतच नाहीत. माझं म्हणणं असं की खोली पहिली, दोन प्रामाणिक स्पीकर दुसरे, बाकी सगळं नंतर. आणि परभणीच्या माणसाला तर खोली सुधारण्याचं सामान बाहेरून आणायचीही गरज नाही. ते त्याच्या रानात पिकतं.

आधी बाजाराबद्दल. या बजेटमध्ये दोन वाटा आहेत. एक म्हणजे तयार खोका: साउंडबार, एक वूफर, झालंच तर मागचे दोन छोटे स्पीकर. दुसरी वाट असेंबल सेटची, आणि मराठवाड्यात ही वाट जुनी आहे. रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या दुकानांत ४४४० नंबरच्या आयसीवर अ‍ॅम्प्लिफायर बांधून देणारे कारागीर गावोगाव होते. हा सान्यो कंपनीचा आयसी बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा, त्यामुळे ट्रॅक्टरवर, जीपमध्ये, वीज नसलेल्या आखाड्यावर, सगळीकडे तो चालला. एका चॅनेलला जेमतेम सहा वॅट देणाऱ्या त्या चिमुकल्या आयसीवर एका पिढीने गाणी ऐकली. मोठा आवाज हवा असेल तर ५२००-१९४३ ही ट्रान्झिस्टरची जोडी, भलामोठा ट्रान्सफॉर्मर आणि अ‍ॅल्युमिनियमचं हीट सिंक. सुटे भाग आणायला कुणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जायचं, पण परभणीकराला हैदराबाद जवळचं वाटतं. निजामाच्या राज्यातला जिल्हा हा. रेल्वे थेट आहे आणि कोठीच्या गुजराती गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचा हवा तो भाग मिळतो.

या कारागिरांबद्दल मला मनापासून आदर आहे. बिघडलेली वस्तू फेकायची नाही, उघडून बघायची, ही सवय त्यांनी गावाला लावली. आज त्यांच्या टेबलावर ४४४० ऐवजी टीपीए३११६ सारखे 'क्लास डी' चिपचे बोर्ड दिसतात. काही शे रुपयांचा हा बोर्ड योग्य व्होल्टेजवर घरच्या खोलीला पुरून उरेल इतकी ताकद देतो. जुन्या पद्धतीचा अ‍ॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेपैकी निम्म्याच्या आसपास वीज उष्णतेत घालवतो. क्लास डी नव्वद टक्क्यांपर्यंत वीज आवाजाच्या कामी लावतो. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या आणि संध्याकाळी इन्व्हर्टरवर येणाऱ्या गावात हा फरक फार मोलाचा आहे. असेंबल सेट घ्यायचा असेल तर एकच गोष्ट हट्टाने मागा: स्पीकर प्रोटेक्शनचं सर्किट. ते नसेल तर ट्रान्झिस्टर शॉर्ट झाल्यावर थेट डीसी करंट स्पीकरमध्ये जातो आणि कॉइल जळते.

आता वॅटचा प्रश्न. खोक्यावर 'पीएमपीओ' असं लिहून पाच हजार, दहा हजार असा आकडा छापलेला असेल तर तो वाचूच नका. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॅट, विचारा, आणि त्यावरही विश्वास बसत नसेल तर यंत्र उलटं करून मागचं लेबल वाचा. आत घेणारी वीज तिथे लिहिलेली असते. साठ वॅट आत घेणारं यंत्र सतत चारशे वॅट बाहेर देऊ शकत नाही. शिवाय इतक्या वॅटची गरजही नसते. बऱ्यापैकी स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८५ ते ८८ डेसिबल आवाज देतो. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त तीन डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला दहा डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे दहापट वॅट. दहा बाय बाराच्या खोलीत आठ फुटांवर बसून संवाद ऐकताना स्पीकर एखाद-दुसरा वॅटच घेत असतो. वीस-तीस खरे वॅट असले की मारामारीच्या प्रसंगालाही ते पुरतात. त्यापुढचे पैसे मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतीला शोभतील, घराला नाहीत.

आणि आता खोली. या लेखातला माझा सगळा जीव या भागात आहे.

नव्या घरात ज्या खोलीत टीव्ही असतो ती बहुधा दहा बाय बारा किंवा दहा बाय दहा. स्लॅबची उंचीही दहा फूट. भिंतींना सिमेंटचा गुळगुळीत गिलावा, खाली टाइल्स, वर काँक्रीट. टीव्ही लावण्याआधी अशा रिकाम्या खोलीत मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागे एक झणझणीत शेपूट ऐकू येईल. ते शेपूट प्रत्येक शब्दामागे येतं आणि पुढच्या शब्दावर पडतं. आजीला संवाद कळत नाहीत त्याचं अर्धं कारण टीव्ही, उरलेलं अर्धं हे.

आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दहा फुटांचं अंतर असेल तर ५६ हर्ट्झचा सूर त्यांच्यामध्ये बरोबर मापात बसतो आणि फुगतो. बारा फुटांना हाच सूर ४७ हर्ट्झवर येतो. खोली दहा बाय दहा आणि उंचीही दहा असेल तर लांबी, रुंदी, उंची तिन्ही दिशांनी एकच ५६ फुगतो, त्याची दुप्पट ११२ सुद्धा फुगते, आणि पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर नेमका याच ११२ च्या आसपास असतो. म्हणून अशा खोलीत नायक पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. यावर कितीही महागडा अ‍ॅम्प्लिफायर चालत नाही. घर बांधायचं असेल तर गवंड्याला इतकंच सांगा की हॉलची लांबी, रुंदी आणि उंची यांतली कुठलीही दोन मापं सारखी नकोत. या सल्ल्याला एक पैसा लागत नाही.

जुन्या धाब्याच्या घरांत हा त्रास कमी होता. मराठवाड्यातलं माळवदाचं घर आठवा. दोन-दोन हात रुंद मातीच्या भिंती, त्यांत कोनाडे आणि देवळ्या, शेणाने सारवलेली जमीन, वर लाकडी सरे आणि त्यावर मातीचा थर. खडबडीत माती आवाज थोडा गिळते, लाकूड खालचे सूर गिळतं, कोनाडे उरलेला आवाज विखुरतात. आकाशवाणी परभणीचा १३०५ किलोहर्ट्झवरचा आवाज अशा खोल्यांतून ऐकत ज्यांचं बालपण गेलं त्यांना रेडिओवरचा एकेक शब्द कळायचा. मध्यम लहरींवर ना खालचे सूर नीट येतात ना वरचे; येतो तो माणसाचा बोलण्याचा आवाज. तेवढा आला तरी बातमी कळते, नभोनाट्य रंगतं. घरच्या सिनेमाचंही तेच आहे. धमाके नंतर, माणसाचा आवाज आधी.

सिमेंटच्या खोलीत ते गुण परत कसे आणायचे याचं उत्तर १८९५ सालापासून माहीत आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधलं होतं आणि तिथे बोललेलं काहीच कळत नव्हतं. आवाज साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या मांडून ऑर्गनच्या नळीचा सूर किती वेळ टिकतो ते मोजलं, आणि पहाटेपर्यंत गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवल्या. अशा अनेक रात्रींनंतर त्याला नियम सापडला: खोलीचं घनफळ जितकं जास्त तितका घुमारा लांबतो, आवाज गिळणारा पृष्ठभाग जितका जास्त तितका तो आटतो. १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल याच नियमाने बांधला गेला.

सॅबिनचं सूत्र आपल्या दहा बाय बाराच्या खोलीला लावून बघू. घनफळ सुमारे ३४ घनमीटर. गिलावा आणि टाइल्स आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग गिळतात. त्या हिशेबाने रिकाम्या खोलीत घुमारा जवळजवळ तीन सेकंद येतो. दार, खिडक्या, कपाट, माणसं यांनी तो बराच कमी होतो, पण पुरेसा नाही. आता तीन एकेरी गाद्या, सहा बाय तीनच्या, चार इंच जाडीच्या, आत आणा. दोन जाड गोधड्या भिंतीपासून चार बोटं सोडून टांगा. घुमारा पाऊण सेकंदाच्या आत येतो, आणि घरातली माणसं बसली की आणखी खाली. सिनेमा बघायला एवढं पुष्कळ झालं.

ही गादी कशाची? कापसाची. स्टुडिओत भिंतींवर लावतात त्या फोमच्या किंवा काचतंतूंच्या पाट्यांचं काम आणि कापसाच्या गादीचं काम एकच: हवा तंतूंमधून जाताना घासली जाते आणि आवाजाची ऊर्जा उष्णता होऊन विरते. काही देशांत तर कापसाच्याच पाट्या ध्वनिशोषक म्हणून विकल्या जातात. आपल्याकडे क्विंटलभर कापसातली सरकी काढली की साधारण ३३ ते ३५ किलो रुई उरते. एका गादीला आठ किलो धरले तर चार गाद्या झाल्या. म्हणजे २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा जो कापूस क्विंटलला ८,११० रुपये हमीभावाने विकायचा, त्याच्या एका क्विंटलमध्ये एका खोलीचा आवाज दुरुस्त होतो. आणि लांब धागाही लागत नाही. पावसात भिजून डागाळलेली कवडी, शेवटच्या वेचणीची फरदड, ज्याला व्यापारी भाव पाडून मागतो तो माल या कामाला तितकाच चालतो. फक्त तो खडखडीत वाळलेला हवा, नाहीतर बुरशी धरेल. आखूड, राठ धाग्याच्या गावरान कापसाची गादी तर लवकर दबत नाही, म्हणून अधिक चांगली.

जाडी मात्र सोडू नका. चार इंचांची गादी भिंतीला चिकटून असेल तर साधारण साडेआठशे हर्ट्झच्या वरचे सूर नीट गिळते. मागे चार इंच मोकळी हवा ठेवली तर हीच गादी त्याच्या निम्म्यापर्यंत उतरते. पातळ चादर किंवा सतरंजी फक्त वरचे सूर खाते; खोली मंद होते आणि गुंज तशीच राहते. अंड्याचे ट्रे आणि थर्माकोल लावण्यात तर काहीच हशील नाही. गादी कुठे लावायची? बसल्या जागेवरून बघा: ज्या भिंतीवर आरसा धरला असता स्पीकर दिसला असता ती जागा पहिली, पाठीमागची भिंत दुसरी, कोपरे तिसरे. कोपऱ्यात गाद्या उभ्या केल्या तर खालची गुंजही थोडी उतरते. स्विचबोर्ड आणि तापणारा अ‍ॅम्प्लिफायर यांपासून कापूस लांब ठेवा, हे सांगायलाच हवं.

खोली झाली की स्पीकर. पाच स्वस्त स्पीकरपेक्षा दोन चांगले, हे मी ठामपणे सांगतो. ५.१ ही रचना सिनेमागृहाची. 'अपॉकॅलिप्स नाऊ' या चित्रपटाने १९७९ साली पुढे तीन, मागे दोन आणि खालच्या सुरांची वेगळी वाट अशी मांडणी केली. १९९२ साली डॉल्बी डिजिटल आल्यावर ती जगभर गेली. मोठ्या सभागृहात मागचा स्पीकर प्रेक्षकापासून लांब असतो. दहा फुटांच्या खोलीत तो कानाशी येतो आणि पाऊस पडण्याऐवजी कुणीतरी कानात कुजबुजतंय असं वाटतं. दोन स्पीकर समोर ठेवा. त्यांच्यातलं अंतर आणि तुमच्यापर्यंतचं अंतर जवळपास सारखं असू द्या. आपल्याकडे बरीच घरं खाली गादी-लोडावर बसून सिनेमा बघतात. तेव्हा कान जमिनीपासून अडीच फुटांवर असतो आणि ट्विटर, म्हणजे वरचे सूर देणारा छोटा स्पीकर, तोही तिथेच हवा. कपाटावर चढवलेला स्पीकर आढ्याला गाणी ऐकवतो.

पुढचे पैसे आले की तिसरा स्पीकर घ्या, मधला. घर मोठं असेल, माणसं भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसत असतील तर कडेला बसणाऱ्याला संवाद जवळच्या स्पीकरमधूनच येतात. ५.१ मध्ये बहुतेक संवाद मधल्या चॅनेलवर असतात, म्हणून वेगळा मधला स्पीकर लावला की चित्र आणि बोलणं सगळ्यांसाठी एका जागी येतं. मागचे दोन सगळ्यात शेवटी.

खालच्या सुरांसाठी गावाकडे एक जुनी युक्ती आहे: माठाच्या किंवा रांजणाच्या तोंडावर स्पीकर पालथा घालायचा. आवाज भरदार वाटतो खरा. पोकळ भांड्यातली हवा एका ठरावीक सुराला डोलते, तेवढाच सूर मोठा होतो आणि बाकीचे मागे राहतात. प्रत्येक गाण्यात तोच एक सूर घुमतो. त्यापेक्षा लहानसा सबवूफर बरा, आणि त्याची जागा शोधायची पद्धत सोपी आहे. तो आधी बसायच्या जागी ठेवा, ढोलकीचं गाणं लावा आणि खोलीभर भिंतीच्या कडेने वाकून फिरा. जिथे खालचा सूर मोकळा आणि सारखा ऐकू येतो तिथे सबवूफर नेऊन ठेवा.

वायरचं फार मनावर घेऊ नका. घरच्या फिटिंगची दीड एमएमची तांब्याची वायर पाच मीटरपर्यंत उत्तम चालते. टीव्हीला जोडायला एआरसी लिहिलेलं एचडीएमआय किंवा ऑप्टिकल वापरा.

वायरवर वाचवलेले पैसे अर्थिंगवर घाला. 'सैराट'चा शेवट आठवा. २०१६ साली आलेल्या त्या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला, आणि शेवटी मूल बाहेर चालत येतं तेव्हा सगळा आवाज बंद होतो. ती शांतता हा त्या सिनेमातला सगळ्यात मोठा ध्वनी आहे. घरी त्या जागी 'हूं' असा पन्नास हर्ट्झचा गुणगुणाट ऐकू आला तर शेवट वाया गेला. हा गुणगुणाट बहुतेक वेळा अर्थिंगचा असतो. टीव्ही, सेटटॉप बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावरून चालवा. अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. गुणगुणाट जाईल, पण शॉक लागून माणूसही जाईल. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते, म्हणून मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. इन्व्हर्टर घ्याल तो साइन वेव्हचा घ्या. आणि खिडकीतला कूलर सिनेमाच्या वेळी कमी वेगावर ठेवा, कारण त्याच्या घरघरीखाली बारीक बोलणं बुडतंच.

पंचवीस हजारांची वाटणी मी अशी करेन: घरच्या जुन्या गाद्या पिंजून, नवी खोळ शिवून आणि एखादी नवी भरून चार हजार, दोन स्पीकर दहा हजार, क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर चार हजार, सबवूफर पाच हजार, वायर, स्टँड आणि अर्थिंग दोन हजार. स्टँड गावच्या सुताराकडून करून घ्या. पैसे कमी पडले तर सबवूफर पुढच्या सुगीवर ढकला. गाद्या आणि स्पीकर यांना हात लावू नका. रात्री दहानंतर आवाज कमी करा. निवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि खोली नीट केलेली असेल तर कमी आवाजातही प्रत्येक शब्द कळतो.

या सगळ्यात ज्याच्याकडे कुणी ध्वनीच्या कामासाठी जात नाही तो माणूस म्हणजे पिंजारी. धनुकलीचे दिवस गेले, यंत्रं आली, फोमच्या तयार गाद्यांनी त्याचं गिऱ्हाईक नेलं. पण रुई किती मोकळी करायची, गादीत किती भरायची, टाके किती अंतरावर घालायचे हे त्यालाच ठाऊक आहे, आणि आवाज गिळायला नेमकं हेच ज्ञान लागतं. तेव्हा या दिवाळीत दुकानात जाण्याआधी खोलीत टाळी वाजवून बघा, टेप घेऊन लांबी, रुंदी, उंची मोजा, आणि खरेदीच्या यादीत पहिलं नाव पिंजाऱ्याचं लिहा. त्याला सांगा, चार इंच जाडी हवी, रुई मोकळी पिंजलेली हवी, आणि भरताना दाबू नको.